दोन वर, एक खाली

तोंडावर जाळी बसली, दोन्ही कानांजवळचे खटके टेबलात रुतले, आणि मग ती वाकून म्हणाली, "सर, ओळखलं का मला? मी अजरा. पाचोडची. दोन हजार अकराची बॅच."

आता ओळखलं तरी सांगायचं कसं? गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर ओढलेली ती पांढरी जाळी थंड होऊन अशी कडक झाली होती की हनुवटी तसूभर हलत नव्हती. दिसत होतं, श्वास येत होता, बोलणं तेवढं बंद. तसंही बोलणं गेल्या चार महिन्यांपासून जातच चाललं होतं. स्वरयंत्रावर गाठ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बद्रीनाथ तुपे सरांना आधी रागच आला होता, की एकतीस वर्षं ज्या गळ्यानं पाचोडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं त्यानंच दगा द्यावा! पण राग बरा असतो हो. राग आला की माणूस निदान उठून बसतो. आता जे आलं ते वेगळंच होतं. बेंबीपाशी सुरू झालं आणि जाळीखालच्या मानेपर्यंत गार गार चढत गेलं. अजरानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "घाबरू नका हां सर, दोन मिनटांचं काम," असं म्हणाली, लाल उजेडाची रेघ गळ्यावर नेमकी पडली का ते पाहिलं आणि निघून गेली. हातभर जाडीचं दार सरकत सरकत बंद झालं. खोलीत ते आणि मशीन, एवढंच उरलं.

मशीन गळ्याभोवती फिरायला लागलं. नुसती घरघर, ना चटका, ना वास, ना उजेड. लोक या रेडिएशनला शेक म्हणतात, पण शेकात ऊब तरी लागते. इथं किती आलं, किती गेलं, याचा कातडीला पत्ताच नाही. कमी आलं तर गाठ जगणार, जास्त आलं तर गळा जळणार, आणि ते कळणार कधी, तर दोन-चार महिन्यांनी, जेव्हा कळून उपयोग नसतो. म्हणजे सगळा जीव मोजणाऱ्यावर. आणि मोजणारी कोण, तर दोन हजार अकराची! त्या वर्षी पाचोडच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचं एकसुद्धा प्रॅक्टिकल झालं नव्हतं. हे ठाऊक असलेली माणसं म्हणजे खुद्द ते, प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळणारा कडूबा, आणि ती सव्वीस पोरं. सव्वीसच्या सव्वीस पास. प्रॅक्टिकलला चाळीसपैकी छत्तीसच्या खाली कुणीच नाही.

का झालं नव्हतं, तर उपकरणं आली होती म्हणून. हसू येतं, पण असंच होतं ते. आधी होती ती मोडकीतोडकी, तेव्हा पोरं निदान हात तरी लावायची. मग विद्यापीठाकडून विज्ञान शिक्षणाच्या बळकटीकरणाची योजना आली, खोक्यांवर खोकी उतरली, काचेच्या दारांची तीन कपाटं भरली, आणि संस्थेचे नानासाहेब स्वतः येऊन कपाटासमोर हात मागं बांधून उभे राहिले. "सर," ते म्हणाले, "कमिटी येईस्तोवर एक काच तडकता कामा नये. पोरांच्या हातात देऊन वाटोळं करू नका, सांगून ठेवतो." कमिटी आली, कपाटं पाहून खूश झाली, चहा-पोहे घेऊन गेली. मग पुढच्या कमिटीसाठी जपायचं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कडूबा कुलूप काढायचा, एकेका उपकरणाला हळद-कुंकू लावायचा, झेंडूचं फूल ठेवायचा, नारळ फोडायचा. सर हात जोडायचे, पोरं हात जोडायची, खोबरं खायची, आणि कुलूप पुन्हा लागायचं. सरांना तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं असेल. यंत्राला हात लावायचा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळाच यायचा.

तो गोळा काही त्यांचा एकट्याचा नव्हता, वडिलोपार्जित होता. त्यांचे वडील आप्पासाहेब निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकत होते. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा बारा वर्षांचे. एका उन्हाळ्यात शाळा उर्दूची मराठी झाली, अलिफ-बे गेलं आणि अ-आ आलं, आणि काल वर्गात पहिला असलेला पोरगा आज ढ ठरला. रोज चुकायचं, रोज छडी खायची. आप्पासाहेबांनी त्यातून एकच धडा घेतला आणि पुढं मास्तर झाल्यावर तोच जन्मभर शिकवला: आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचं, मग गणित मांडायचं. "चुकलेल्याला कुणी वाली नसतो, बद्री," असं म्हणायचे. बद्री चुकला नाही. शाळेत नाही, विद्यापीठात एमएस्सीला नाही, नोकरीत नाही. उत्तर आधी, मोजणं मागून. त्या लांबच लांब टेबलावर पडल्या पडल्या त्यांना वडिलांचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की त्यांनी डोळे मिटून घेतले.

"झालं सर. उद्या याच वेळेला," अजरा म्हणाली. जाळी निघाली तेव्हा गालांवर तिचे चौकोन उमटलेले होते. तिच्याकडे न बघताच ते बाहेर आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "काय झालं हो? तोंड का असं उतरलंय?" त्यांनी विचारलं. सर घोगऱ्या आवाजात कसंबसं म्हणाले, की आत माझी विद्यार्थिनी आहे. लक्ष्मीबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. "अगं बाई! मग तर लईच बरं झालं. आपल्या माणसाच्या हाताखाली हायेत तुम्ही. माझ्या तर जिवात जीव आला बघा." आणि जालना रोडनं सिडकोपर्यंत रिक्षात त्या तेच घोळवत राहिल्या, देवानंच धाडली म्हणून. सर दांड्याला धरून बसले होते. या बाईला सांगावं तरी काय, की जिला देवानं धाडली म्हणतेस, तिला मोजायला मीच शिकवलं नव्हतं? रिक्षा खड्ड्यात आदळली की हात आपोआप गळ्यावर जायचा.

तेहतीस शेक घ्यायचे होते. रविवार सोडून रोज. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज तीच जाळी, तेच खटके, तोच तिचा हात खांद्यावर. बोटं हलकी होती तिची. चौथ्या दिवशी जाळीतून त्या बोटांकडे बघताना त्यांना ती एकदम आठवली. रहीम घड्याळवाल्याची पोरगी! पाचोडच्या आठवडी बाजारात एसटी स्टँडच्या भिंतीला पाठ लावून रहीम डोळ्याला भिंग लावून बसायचा, आणि ही शेजारी चिमट्यानं बारके बारके स्क्रू उचलून बशीत ठेवायची. पुढच्या बाकावर बसणारी, कधी काही न विचारणारी. आणि मग ती वही आठवली, आणि सरांना वाटलं, नको होती आठवायला. पण टेबलावर खिळलेल्या माणसाला आठवणीकडे पाठ तरी कशी फिरवता येणार?

प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी सर आकडे फळ्यावर लिहून द्यायचे. त्यातही त्यांची एक कला होती, आणि त्या कलेचा त्यांना, खोटं कशाला बोला, अभिमान होता. इतर कॉलेजांतली पोरं सगळीकडे नेमकं उत्तर लिहायची आणि बाहेरून आलेला परीक्षक नाक मुरडायचा. सरांची पोरं चुका करायची. पण सरांनी सांगितलेल्या. "दोन वर," ते खडू आपटत म्हणायचे, "एक खाली, एक बरोबर, मग पुन्हा एक खाली. पहिली चूक चारची, दुसरी दोनची, तिसरी तीनची खालच्या अंगाला. मग शून्य, मग दोन खाली. सरासरी काढली की उत्तर हातात. आणि पुढच्या पाचाला पहिला आकडा थोडा बदलायचा, नाहीतर पकडले जाल, लेको." वर्ग हसायचा. परीक्षक म्हणायचा, वा, तुमची मुलं अगदी प्रामाणिकपणे मोजतात हो. अशा पद्धतीनं पोरांनी लोलक न हलवता गुरुत्वाकर्षण काढलं आणि तार न छेडता तिची कंपनं मोजली. पुढं विद्यापीठानं विज्ञान शिक्षण कसं बळकट करावं यावर समिती नेमली तेव्हा तिच्यावर सरांनाच घेतलं, आणि त्यांनी बेचाळीस शिफारशी लिहून दिल्या. तास वाढवा, उपकरणं वाढवा, उद्योगांशी करार करा. सगळ्या बरोबरच होत्या त्या. त्यांतल्या एकीतही असं नव्हतं, की पोरांना एकदा तरी त्यांचं स्वतःचं चुकलेलं उत्तर येऊ द्या.

अजराला आलं होतं. पंचवीस वह्यांत गुरुत्वाकर्षणाचे नऊशे एक्याऐंशीच्या आसपासचे शहाणे आकडे, आणि हिच्या वहीत एक हजार ऐंशी. तिनं घरी दाराच्या चौकटीला दोरा बांधून, त्याला नट लटकवून, बापाच्या दुकानातलं थांबघड्याळ घेऊन खरंच मोजलं होतं. सरांनी वही वर धरून वर्गाला दाखवली. "काय गं अजरा, पाचोडात पृथ्वी जरा जास्तच ओढते का? की तुमच्या गल्लीपुरतीच?" पोरं खो खो हसली. तीसुद्धा हसली, खाली मान घालून. लाल शाईची फुली अख्ख्या पानावर, आणि फळ्यावरचे आकडे लिहून आण म्हणून ताकीद. आणि आता, अकरा-बारा वर्षांनी, जाळीखाली, मशीनची घरघर चालू असताना, सरांना तिची चूक लख्ख दिसली. नट सोडतानाच पोरगी ‘एक’ म्हणाली असणार! सोडताना शून्य म्हणायचं असतं. वीस झोके म्हणून तिनं एकोणीसच मोजले. हिशेब मांडला तर उत्तर एक हजार ऐंशीच्या आसपासच येतं. एक वाक्य पुरलं असतं: शून्यापासून मोज, पोरी. मास्तर म्हणून जन्माला येऊन जे एक वाक्य बोलायचं, ते त्यांनी गिळलं आणि त्या जागी विनोद केला. जाळीच्या आत डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. पुसायला हात वर नेण्याची परवानगी नव्हती.

तरी इथवर सगळं मनाचे खेळ म्हणून झटकता आलं असतं. पोरगी पुढं शिकली असेल, चांगल्या ठिकाणी डिप्लोमा केला असेल, तिथं कुणी खरं शिकवलं असेल. सर स्वतःला असंच समजावत होते. सातव्या दिवशी मशीनचा नंबर लागायला उशीर होता म्हणून ते दाराजवळ उभे होते, आणि तिथं पाटीला अडकवलेला कागद त्यांनी सहज वाचला. मशीनची रोजची तपासणी. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी पाटीएवढा चपटा बोर्ड टेबलावर ठेवायचा, मशीन चालवायचं, किरण ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पडतात ते बघून लिहायचं. तीनच्या वर फरक गेला तर मशीन बंद. रोजचा आकडा होता, रोजची सही होती. पूर्णांक सगळीकडे शून्यच, पुढचे दशांश तेवढे वेगळे: अधिक चार. अधिक दोन. उणे तीन. शून्य. उणे दोन. खालची ओळ: अधिक पाच. अधिक दोन. उणे तीन. शून्य. उणे दोन. सरांनी पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. दोन वर, एक खाली, एक बरोबर, एक खाली. महिनोनमहिने, कागदाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. अक्षर तिचं होतं, पण चाल त्यांची होती.

"तुपे सर, चला," आतून हाक आली. आणि ते गेले! हेच तर सांगायचंय. सगळं कळून, आपल्या पायांनी चालत गेले, टेबलावर आडवे झाले आणि जाळीखाली तोंड दिलं. आठव्या दिवशी, नवव्या दिवशीही गेले. डॉक्टरांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. काय सांगणार? आकडे खोटे आहेत. तुम्हाला कसं कळलं? मीच शिकवलेत. आणि मग? पोरीची नोकरी जाणार, आपली अब्रू जाणार, मशीन बंद पडणार; शेकात खंड पडला की गाठ पुन्हा जोर धरते हे त्यांनी वाचलं होतं. आणि त्याच्याही तळाशी एक आणखी हलकट भीती होती. उद्या त्या जाळीत मान कुणाच्या हातात द्यायची आहे, हे ते विसरू शकत नव्हते. कदाचित मशीन ठीकही असेल. न मोजता आलेलं उत्तर बरोबर नसतं असं थोडंच आहे? हे स्वतःच्या मनात ऐकून त्यांना शिसारी आली. घरी लक्ष्मीबाई मऊ भात करून द्यायच्या; घास गळ्यापाशी आला की ते थांबायचे, गिळताना कालच्यापेक्षा जास्त दुखतंय की कमी, याचा अंदाज घ्यायचे. दिवसभर तेवढंच काम. "गिळा की हो," लक्ष्मीबाई म्हणायच्या, "असं घास तोंडात धरून काय बसताय?"

बाराव्या दिवशी ते एकटेच गेले, सकाळी, पहिल्या पेशंटच्या आधी. अजरा हात धुवून येत होती. कागदावर त्या दिवसाचा आकडा पडलेला होता. "सर? एवढ्या लवकर?" सरांचा आवाज आता नुसता वारा उरला होता. त्यांनी कागदावर तळहात ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत, ओठ नीट हलवत, पुढच्या पाच दिवसांचे आकडे सांगितले. उद्या काय येणार, परवा काय येणार, तेरवा काय. ती ऐकत होती. तिसऱ्या आकड्याला तिनं आजूबाजूला पाहिलं.

"सर, मशीन बरोबरच असतं," ती हळूच म्हणाली. "खुदा कसम. किरणांचं मोजमाप बघणारे मोठे साहेब बाहेरगावाहून येऊन बघतात ना." शेवटचे कधी आले होते, सरांनी विचारलं. "दिवाळीच्या आधी. झाले चार-पाच महिने." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "इथली त्यांची जागा रिकामीच आहे सर. आणि तो बोर्ड लई नाजूक आहे, काढला आणि पडला-बिडला तर? वर अर्धा तास जातो त्याच्यात. बाहेर बघा ना, बिडकीन, कन्नड, कुठून कुठून पहाटे निघून येतात लोक. त्यांना बसवून ठेवू का?" मग ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच भयंकर होतं, शाळकरी पोर गृहपाठ दाखवते तशी म्हणाली, "त्या एक हजार ऐंशीनंतर मी कधी चुकलेच नाही सर. एकदा पण नाही."

सरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. एवढंच. तिनं किल्ली आणली. बोर्डाच्या खोक्यावर हळदीचं बोट सुकलेलं होतं. दसऱ्याला कुणीतरी लावलेलं. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर ठेवला, लाल रेघांवर जुळवला, आणि तिची बोटं कामाला लागली. पोरीचा हात चांगला होता, पहिल्यापासून. दार बंद झालं. बाहेरच्या पडद्यावर आकडा आला. उणे पाच पूर्णांक एक. तिनं सरांकडे पाहिलं. "पुन्हा," सर म्हणाले. उणे चार पूर्णांक नऊ. पुन्हा. उणे पाच पूर्णांक दोन. खऱ्या आकड्यांना चाल नसते, ते असेच येतात, ओबडधोबड. आयुष्यात पहिल्यांदा ते समोर उमटताना बघून सरांच्या छातीत क्षणभर काहीतरी हललं, आणि लगेच भीतीनं त्यावर झडप घातली. पाच टक्के कमी. त्यांच्या गाठीला अकरा दिवस अपुराच मार बसला होता म्हणायचं. आणि त्यांच्या आधीच्या सगळ्यांच्या? कधीपासून?

अजरानं पेन उचललं. कागद पुढं ओढला. आणि इथं, ज्या माणसानं तिला मोजायला लावलं होतं, त्या माणसाचं तोंड उघडलं ते काय सांगायला? सांगायला नको वाटतं, पण सांगतो. उणे दोन पूर्णांक आठ लिही, असं सांगायला. तीनच्या आत बसतं. मशीन चालू राहील, आजचा शेक मिळेल, साहेबांना नंतर गुपचूप कळवता येईल, कुणाचंच काही जाणार नाही. शब्द जिभेवर तयार होते, आणि दशांशसुद्धा ठरलेला होता. गळ्यातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या, नाहीच. अजरा त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिनं सकाळचा आकडा एका रेघेनं खोडला, वर उणे पाच पूर्णांक एक लिहिलं, खाली उरलेले दोन्ही लिहिले, सही केली. मग मशीनची किल्ली फिरवून काढून घेतली आणि फोन लावायला गेली.

सर बाहेर येऊन बाकावर बसले. शेजारी बिडकीनची दगडाबाई होती. तिच्याही गळ्याला होतं, रोज भेटायची, टॉवेलानं तोंड पुसत पुसत बोलायची. "आज नाय व्हय चालू अजून?" तिनं विचारलं. सरांनी मान हलवली. व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं होती, कुणी बाकावर, कुणी फरशीवर फडकी अंथरून, कुणाच्या गालांवर कालच्या जाळीच्या खुणा अजून होत्या. थोड्या वेळानं अजरा बाहेर आली. डॉक्टरांची वाट तिनं पाहिलीच नाही. दारात उभी राहिली, ओढणी नीट केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मशीन कमी किरण देतंय. आज बंद राहील, दुरुस्त होईस्तोवर बंदच. किती दिवसांपासून कमी देतंय ते मला सांगता येत नाही. रोज तपासायचं काम माझं होतं. मी तपासत नव्हते, नुसतं लिहीत होते."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. कुणीतरी उठून तिच्या अंगावर धावून गेलं, कुणी त्याला धरलं, एका बाईनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. अजरा हात खाली सोडून तिथंच उभी होती, हलली नाही. सर उठले. आता तरी बोललं पाहिजे, हे कुठून आलं ते या माणसांना सांगितलं पाहिजे, या पोरीच्या पुढं जाऊन उभं राहिलं पाहिजे. होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणून ते म्हणाले, "हिला मी शिकवलंय." आवाज शेजारच्या माणसापलीकडे गेला नाही. पुन्हा म्हणाले, "मी शिकवलंय हिला." गलक्यात कोण ऐकतंय! एकट्या दगडाबाईनं ऐकलं. तिनं अजराकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि डोळे पुसत त्यांचा हात आपल्या खरबरीत हातात धरला.

"चांगलं शिकवलंत मास्तर," ती म्हणाली. "जिवावर आलं तरी खरं बोलली पोरगी."

सरांनी मान हलवली. नाही, नाही, असं ते तिला सांगत होते. तिला वाटलं, ते रडतायत. ती त्यांच्या हातावर थोपटत राहिली.